वाहनबांधणीच्या खेळाची चाखणी

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. जिच्या कृपेने चाकास गती आणि गतीस लगाम, तीस नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात मोठा पेच पडला. राजकन्या अंबूताई, वय वर्षे नऊ, यांस संगणकावरचा एक खेळ लाभला. चाके, फळ्या, इंजिने जोडून आपले वाहन आपणच सिद्ध करावे आणि डोंगरदऱ्यांतून हाकावे, ऐसा तो खेळ. ताईसाहेब त्यात ऐशा रमल्या की पुढ्यातला शिरा निवून गेला तरी भान नाही. मग राणीसाहेब मंजुळाबाई, ज्या राज्याचा भार एकट्या वाहत होत्या, त्यांचे कानी कोणी घातले की त्या खेळात गाड्या कड्यावरून कोसळतात, तोफा डागतात आणि परमुलखीचे अनोळखी लोक येऊन बोलतात. राणीसाहेबांनी खेळ बंद करण्याचे मनी घेतले. अंबूताई रडल्या नाहीत, परंतु बोलणे सोडले.

या राज्याची चाल ऐसी की लेकराचे ताटातले आधी चाखणीसाने चाखावे, मग ताट पुढे जावे. कारभाऱ्यांनी अर्ज केला की खेळही लेकरापुढे वाढलेलाच आहे, चाखल्याविना फेकू नये. मग निंबाजी चाखणीस, उमर सत्तर, यांस आज्ञा जाहली, "तीन दिवस खेळा. वाईट म्हणालात तर ठेवणार नाही." निंबाजी बैठक मारून बसले आणि पहिल्याच घटकेस फजीत पावले. जन्मभर एक घास घेऊन ताट सोडण्याची सवय, म्हणून गाडीस एकच चाक लावून थांबले आणि गाडी जागीच गरगरू लागली. दुसरी केली, तीही तैसीच. ऐशा अकरा जाहल्या. अंबूताई शेजारी मुक्या बसल्या होत्या, त्यांस बाराव्या गाडीस राहवेना. म्हणाल्या, "आजोबा, दुसऱ्या अंगासही लावा की हो चाक." दोन दिवसांनी ताईसाहेबांचा आवाज ऐकिला आणि साऱ्या वाड्याचा जीव भांड्यात पडला.

चौथे दिवशी दरबार भरला आणि निंबाजी मुजरा करून बोलले, "बाईसाहेब, रक्त कोठे नाही. गाडी फुटते, माणूस धूळ झाडून उठतो. तोफ लावलीच पाहिजे ऐसेही नाही. लेकरू पडते, का पडलो ते शोधते आणि पुन्हा जोडते. कडू दोन गोष्टी. वेळ कळत नाही, मीच दोन जेवणे चुकलो. आणि अनोळखी लोकांची वाट, ती बंद करण्याची सोय आहे, ती करावी. मग नऊ वर्षांचे लेकरास खुशाल द्यावा, मात्र वडील माणसाने शेजारी बसावे." राणीसाहेबांनी पुसिले, "वडील माणूस कोण?" निंबाजी म्हणाले, "ताईसाहेब प्रत्येक गाडीस दोन आसने करतात. दुसरे कोणाचे, म्हणून मी पुसिले. म्हणाल्या, आईसाहेबांस वेळ जाहला तर."

राणीसाहेब उठल्या. दरबार तैसाच सोडून लेकीकडे गेल्या, शेजारी बसल्या, गाडी हाकावयास घेतली आणि पहिल्याच वळणास खड्ड्यात घातली. अंबूताई म्हणाल्या, "असू द्या आईसाहेब, पहिल्या दिवशी सगळेच पडतात. मी जोडते, तुम्ही बसून राहा."

तात्पर्य, खेळ लेकरांस योग्य ठरला. निंबाजींस शालजोडी दिली, तीही थोडीच वाटली, कारण एक चाक लावून ज्याने मायलेकींस एका गाडीत बसविले त्याचे उपकार हे राज्य फेडू शकत नाही. त्या दिवसापासून सायंकाळी एक घटका दरबार बंद असतो, आणि कोणी तक्रार केलेली ऐकिवात नाही.