विश्वासरावांची साखर आणि अंबुबाईंची टेकडीवरील स्वारी

श्रीदोड्डगणपतीचे चरणी मस्तक ठेवून वर्तमान लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सतरा, बेंगळुरी चामराजपेठेत राजमान्य राजेश्री विश्वासराव, माजी हेडक्लार्क, पेन्शनबहाद्दर, सहकुटुंब नांदत असत. त्यांचे पूर्वज शहाजीराजांचे लष्करासंगे या मुलुखी येऊन घोड्यावरून जे उतरले, ते त्या घराण्यात पुन्हा कोणी चढले नाही, आणि रावांचे पोट तर ऐसे वाढले की बुटाची नाडी अदमासेच बांधावी. मग रक्ताची तपासणी होऊन आत साखरेने ठाणे दिल्याचे उघड जाहले, आणि डॉक्टरसाहेबांनी हुकूम फर्माविला की भात कमी, गोड बंद, रोज पहाटे चाल. कसूर केल्यास डोळे व पाय यांची हमी नाही.

हे ऐकून त्यांचे कुटुंब, वज्रचुडेमंडित अंबुबाईसाहेब, फार भ्याल्या, कां की थोरल्या दिरांचा पाय याच रोगाने कापावा लागला होता. मग त्यांनी साखरेचे डबे जप्त केले, ताटात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे तोफगोळे, रुजू केले, आणि रावांस कॅनव्हासचे बूट घालून रोज बसवनगुडीचे टेकडीकडे रवाना केले.

राव घामाघूम परतत, परंतु साखर तिळमात्र हटेना आणि मिशीस लोण्याचा वास येई. मग अंबुबाईसाहेब दुखरे गुडघे घेऊन जातीने पाळतीवर निघाल्या. पाहतात तो राव हॉटेलात शिरले. तेथे परमस्नेही भीमाचार्य आधीच मोर्चा धरून बसलेले. मग उभयतांनी मसाला दोशाचा बुरूज पाडला, केसरीभाताची, म्हणजे गोड केशरी शिऱ्याची, लूट केली, आणि निघतेवेळी रावांनी नळाचे पाणी कपाळी शिंपडून घाम सिद्ध केला.

बाईसाहेबांचा संताप मस्तकी गेला. परंतु मसलत केली की येथे दंगा केल्यास राव दुसरे हॉटेल शोधतील. तो राग घरी नेववेना, म्हणून त्या तशाच टेकडीकडे चालत्या जाहल्या. लग्नापासून देऊळ व बाजार याविना त्या एकट्या कोठे गेल्या नव्हत्या. वारा बरा वाटला. मग दुसरे दिवशीही गेल्या, आणि राव दोसा खात तेवढ्यात टेकडी करून येऊ लागल्या, आणि हळूहळू गुडघेही कुरकुर सोडून ताबेदारीत आले.

कार्तिकात त्याच टेकडीवरील नंदीचे देवळाशी शेंगांची जत्रा भरली, तेथे उभयता गेले. पायऱ्यांपाशी राव ऐटीत बोलिले, "तू खालीच बस. मला रोजची सवय आहे."

"सरी, बरं," म्हणोन बाईसाहेब झपाट्याने वर गेल्या. राव अर्ध्यावर शिकस्त खाऊन बसले. ऊर भात्यासारखा, डोळ्यांपुढे अंधारी. बाईसाहेबांनी वळून तो पांढराफटक चेहरा पाहिला आणि धावत उतरल्या.

"अगं, पाय उचलत नाही. स्वल्प थांब."

"थांबते. पण भावजींसारखं खाटेवर पडायचंय का तुम्हाला? माझ्याच्यानं नाही बघवणार. ते हॉटेल ठाऊक आहे मला."

इतक्यात मागून भीमाचार्य शेंगा फोडीत येऊन वदले, "अक्का, मी नको नकोच म्हणत होतो!" ऐसा दोस्त शत्रूस मिळालेला पाहून रावांनी शस्त्र खाली ठेविले आणि बाईसाहेबांचा हात धरिला. मग एकेक पायरी करीत, तीनदा बसत, उभयता नंदीपुढे पोहोचले. तेथेच तह ठरला की राव व आचार्य यांनी रोज बाईसाहेबांचे मागून चालावे, आणि दोसा सणासच खावा.

उन्हाळ्यात पुन्हा तपासणी होता साखरेने माघार घेतली. येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. रावांनी पेठभर डंका पिटिला की आपण स्वबळे गनीम मोडिला. त्याचा इन्कार करण्यास अंबुबाईसाहेब घरी नव्हत्या, त्या टेकडीवर होत्या.