माऊसचं टोपडं

नलूताई सोनवणे आपल्या माऊसला टोपडं घालतात.

कॉम्प्युटरच्या माऊसला. राखाडी लोकरीचं, कडेला लाल पट्टी असलेलं, हातानं विणलेलं टोपडं. सकाळी ऑफिसात आल्या की आधी माऊस नीट झाकला आहे ना ते बघतात आणि मग कामाला बसतात.

मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला वाटलं, बाईंच्या घरी तान्हं बाळ असणार आणि गडबडीत त्याचं टोपडं पर्समधून इकडे आलं असणार. ओळख वाढवावी म्हणून मी कौतुकानं विचारलं, "किती महिन्यांचं आहे?"

"कोण?"

"बाळ."

नलूताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली बाई चष्म्यावरून जशी पाहील तशीच.

"माऊस आहे तो, भाऊ. झोपलाय. त्याला उठवायचं नाही."

अकोल्याहून डिप्लोमा घेऊन सुरतेत आलेल्या माणसाची पहिली मुलाखत अशी पार पडली.

आमचं ऑफिस पांडेसऱ्यात, एका बेल्टच्या दुकानाच्या माडीवर. मालक हसमुखभाई. काम एकच, कापड रंगवायच्या कारखान्यांचे नकाशे काढायचे. यंत्र कुठे, पाईप कुठून, रंगाचं पाणी कुठल्या गटारातून जाणार, सगळं कॉम्प्युटरवर, कॅड नावाच्या प्रोग्रॅमात. नलूताई तिथे इतकी वर्षं आहेत की हसमुखभाई कुणी पार्टी आली की म्हणतात, "आ ऑफिस मारी छे, पण चाले छे नलूबेननी."

माऊस झोपवण्यामागे नलूताईंचं पक्कं शास्त्र आहे. त्यांचं म्हणणं, नकाशा डाव्या हातानं काढायचा. रेघेला एक अक्षर, वर्तुळाला एक, नक्कल करायची तर दोन. अक्षरं टाईप करा, एंटर मारा, मोकळे व्हा. उजव्या हातानं पडद्यावर चित्रं शोधत बसणाऱ्यांची त्यांना कीव येते. मला बघून त्या रोज म्हणायच्या, "वानखडेभाऊ, देवळाबाहेर चप्पल शोधताय का? कधीपासून फिरताय!"

अगदीच अडलं तर टोपडं काढायचं, दोन क्लिक करायचे आणि टोपडं परत घालायचं. मला वाटतं, टोपडं काढायचा कंटाळा यावा म्हणूनच ते घातलेलं होतं.

दुसरी सवय एस्केपची. कुठलीही नवी आज्ञा देण्याआधी एस्केपचं बटण दोनदा दाबायचं, म्हणजे आधीचं अर्धवट राहिलेलं काही मधे येत नाही. ही सवय त्यांच्या अंगठ्यात इतकी मुरली आहे की ती ऑफिसबाहेरही सुटत नाही. पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षावाल्याशी भाडं ठरवण्याआधी पर्सवर अंगठा दोनदा टकटक वाजतो. हसमुखभाईंशी भांडायच्या आधी टेबलावर वाजतो. तो आवाज आला की हसमुखभाई खुर्ची मागे सरकवतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचं पालुपद: "परत काढायचं नाही!"

माझ्या पहिल्याच नकाशावर ते ऐकलं. शेडचे खांब काढायला सांगितले होते. मी प्रत्येक खांब नव्यानं, प्रेमानं काढत होतो. सकाळी सुरू केलं, दुपारी डबा खाल्ला, परत खांब. नलूताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काबर रे भाऊ? हा खांब त्या खांबाचा सावत्र आहे का?"

"नाही, सारखेच आहेत सगळे."

"मग एकदा काढला ना? परत काढायचं नाही!" त्यांनी माझ्या कीबोर्डवर डावा हात ठेवला, चार-सहा अक्षरं वाजवली आणि शेडभर खांब उभे राहिले. मग त्यांना दिसलं की माझे खांब, भिंती, पाईप, गटारं सगळी एकाच लेअरवर, म्हणजे एकाच थरात आहेत.

"हा नकाशा आहे का लग्नघर? सगळे एकाच खोलीत झोपलेत."

हळूहळू मी शिकलो. मुख्य म्हणजे ब्लॉक शिकलो. ब्लॉक म्हणजे आपल्याकडचा रांगोळीचा छाप. पंप, दरवाजा, यंत्र, एकदा नीट काढून त्याचा छाप करून ठेवायचा आणि लागेल तिथे उमटवायचा. नलूताईंनी असे छाप एका फाईलमध्ये साठवले होते आणि ती फाईल ऑफिसातल्या सगळ्या चालू नकाशांना जोडून ठेवली होती. मूळ छापात पंपाचा आकार बदलला की सगळ्या नकाशांतले पंप आपोआप बदलतात. एकाच ठिकाणी हात लावायचा, बाकी काम कॉम्प्युटर करतो.

इतकं भराभर काम केलं की वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळात नलूताई विणतात. सुरतेत. लोकर. जिथे थंडी येते ती पाहुण्यासारखी, चहा न घेताच जाते. मी एकदा विचारलं, "कुणासाठी एवढं?" तर म्हणाल्या, "तुमच्या बाळासाठी."

एक गोष्ट मला खटकायची. पिण्याच्या पाण्याचा छाप उमटवला की टाकी यायची, नळ यायचे, पाणी जायची मोरी यायची आणि बाजूला, कुणी मागितलेलं नसताना, एक लांब बाकडं यायचं. प्रत्येक कारखान्यात. कंत्राटदार नकाशात दिसेल ते बांधतो, त्यामुळे पांडेसऱ्यात आमच्या हातून गेलेल्या शेडमध्ये पाण्याजवळ बाकडं हमखास असायचं. मला वाटायचं, छाप करताना चुकून आत राहिलं असेल. मोठ्या माणसांच्याही चुका होतात, असा विचार मला त्या काळात फार आवडायचा.

एक दिवस नलूताई सुट्टीवर होत्या. घरचं काम. नेमके त्याच दिवशी एका नव्या शेडचे मालक मगनशेठ आले. नकाशावर बोट आपटून म्हणाले, "अहीं एक मशीन वधारे नाखो. अने आ बांकडो काढी नाखो. माणस बेसशे तो काम कोण करशे?"

हसमुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वानखडे, थई जशे ने?"

थई जशे? होणार म्हणजे होणारच! मी आता शिकलेला माणूस. त्या एका नकाशातलं बाकडं पुसत बसणं म्हणजे सावत्र खांब काढण्याचाच प्रकार. मी सरळ मूळ छापात गेलो, बाकडं उडवलं आणि फाईल सेव्ह केली. मगनशेठच्या नकाशात मोकळ्या झालेल्या जागी यंत्र बसवलं. घरी जाताना मी स्वतःवर इतका खूश होतो की रस्त्यात एक लोचोची प्लेट जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नलूताई आल्या. त्यांनी भलताच नकाशा उघडला. मग दुसरा. मग तिसरा. टेबलावर अंगठा दोनदा वाजला.

"बाकडं कुणी काढलं?"

"मी," मी उभाच राहिलो. बक्षीस घ्यायला उभे राहतात तसा. "एका झटक्यात. सगळीकडून!"

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "शिकवलं मीच," एवढंच म्हणाल्या.

मूळ फाईलची जुनी प्रत त्यांच्याकडे होती. ती परत जोडली आणि बाकीच्या सगळ्या कारखान्यांत बाकडी येऊन बसली. मगनशेठच्या शेडमध्ये मात्र बाकड्याच्या जागेवर यंत्र होतं. ते मालकाच्या हुकमानं आलेलं, आणि संध्याकाळी मालक नकाशावर सही करून तो कंत्राटदाराला देणार होते. एकदा फरशी ओतली की संपलं.

"जाऊ द्या ना, नलूताई," मी म्हणालो. "एका शेडमध्ये नसलं बाकडं तर काय होतं?"

त्यांनी माऊसचं टोपडं काढलं आणि ते पर्समध्ये ठेवून दिलं.

त्या दिवशी ते परत घातलं गेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दोन्ही हात नकाशावर होते. बाकडं उचलून बॉयलरकडे नेलं, तिथे धग. दरवाजाजवळ ठेवलं, तिथे कापडाच्या गाड्या अडत होत्या. पाईपची सगळी रांग भिंतीकडे ढकलून बघितली, तर गटार आडवं आलं. गटार वळवलं. "परत काढायचं नाही" म्हणणारी बाई एकच बाकडं परत परत काढत होती. डबा तसाच राहिला. हसमुखभाई एकदा डोकावले, "नलूबेन, शेठे ना पाडी छे," म्हणत त्यांनी शेठच्या नकाराची आठवण करून दिली. टेबलावर टकटक झाली. हसमुखभाई गेले.

मी काही मदत करू का विचारलं. "करा. कशालाही हात लावू नका."

मगनशेठ आले तेव्हा प्रिंट टेबलावर पसरलेली होती. त्यांनी आधी आपलं यंत्र शोधलं. होतं, जागच्या जागी. खूश झाले. मग बोट सरकत सरकत पाण्याच्या टाकीपाशी आलं. टाकीखालचा ओटा भिंतीला धरून चांगला लांबवर गेला होता.

"आ शुं छे?"

"टाकीनो ओटलो," नलूताई म्हणाल्या.

"आटलो लांबो?"

आता त्या काहीतरी तांत्रिक कारण सांगतील म्हणून मी कान टवकारले. पाण्याचा भार, पाया, ओल, असं. माझ्याच मनात दोन-तीन तयार होती.

"बेसवा माटे," नलूताई म्हणाल्या. "तुमचं मशीन मावलं, शेठ. रस्ता मावला, गाड्या फिरतात. एवढी जागा उरली. ती बसायला."

"पण बेसशे कोण?"

"ज्याचे पाय सुजले असतील तो."

हसमुखभाई छताकडे बघू लागले. मगनशेठनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मला वाटलं, गेली पार्टी.

"पाछळ टेको नहीं मळे," ते शेवटी गुरगुरले.

"भिंत आहे ना."

मगनशेठनी सही केली. ते जिना उतरून गेल्यावर नलूताईंनी पर्समधून टोपडं काढलं, माऊसला घातलं आणि दुपारचा डबा संध्याकाळी उघडला. त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. माझ्या चुकीची तेवढीच शिक्षा झाली. ठेचा मात्र कडक होता.

शेड उभी राहिली. यंत्रं आली, पण कामगार यायचे होते. एका रविवारी सकाळी नलूताईंचा फोन आला. "वानखडेभाऊ, गाडी आहे ना तुमच्याकडे? गोडादऱ्याला या. मगनशेठच्या शेडवर जायचंय. रिक्षात चढायला जमत नाही आता."

"कुणाला?"

"या तर."

गोडादऱ्याच्या गल्लीत, दाराच्या पायरीवर एक उंच, वाळलेले म्हातारे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. "आबा," नलूताई म्हणाल्या, "माझे वडील." मी वाकलो, आणि पायांपाशी थबकलो. पाय सुजलेले होते, खांबासारखे, आणि त्यांत राखाडी लोकरीचे मोजे होते. वर लाल पट्टी.

गाडीत नलूताई पुढे बसल्या. मागे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "पाय गार पडतात त्यांचे, भर उन्हाळ्यातसुद्धा. पहिला मोजा विणला तो लहान झाला. टाकवला नाही, म्हणून माऊसला घातला." मग म्हणाल्या, "पांडेसऱ्यात मशीनवर होते आबा. धुळ्याहून आले तेव्हापासून. उभ्यानं पाळी. कुठे बसायला म्हणून नव्हतंच काही. नवी शेड झाली की मी त्यांना घेऊन येते. बसून बघतात. बाकड्याची उंची तेच सांगतात मला."

डबा कशाला, ते मी विचारलं नाही. ते शेडवर कळलं.

यंत्रं दिसताच आबांची पाठ ताठ झाली. डबा खाली ठेवून ते पाळीवर आल्यासारखे सरळ पहिल्या यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. हात मागे, नजर कापड जिथून येईल तिथे. कापड नव्हतंच.

"आबा, ये. बठ इकडे," नलूताई ओट्यापाशी जाऊन घरच्या अहिराणीत म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. "नको व माय. सायेब ई जाई."

"आज सायेब नही ये."

"ई जाई," आबा म्हणाले. साहेब येईलच, त्यांची खात्री होती. मोज्यांतले पाय हलले, पण जागचे सुटले नाहीत.

नलूताईंचा अंगठा पर्सवर दोनदा वाजला. आणि त्या स्वतःच ओट्यावर बसल्या, भिंतीला पाठ टेकून. "मी बठस, आबा. तू बी बठ."

आबांनी दरवाजाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. मग एकेक पाय उचलत आले, ओट्याची कड हातानं चाचपली आणि बसले. पाय जमिनीला पुरले. पाठ भिंतीला लागली.

"उंची?" नलूताईंनी विचारलं.

"बराबर शे."

नलूताईंनी खाली वाकून त्यांचा एक मोजा वर ओढला, मग दुसरा. मी उगाच पाईपकडे बघत होतो. ते गटार फारच छान वळवलेलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओट्यावर थापटलं. आबा लेकीकडे जरा सरकले होते आणि, साहेब येतो का म्हणून एक डोळा दरवाजावर ठेवून, बाजूची जागा मला दाखवत होते.

"बठ, भाऊ," ते कुजबुजले. "सायेब उना ते मी सांगसू."