सकाळचे साहेब

पोस्टाच्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या काकांनी त्या सकाळीही एका आजोबांना परत पाठवलं. आजोबांच्या लेकीचं पार्सल आलं होतं; पण ओळखपत्रावरची सही ताठ होती आणि आत्ताची थरथरत होती.

"हात कापतो हो आता माझा," आजोबा म्हणाले.

"मग हात न कापणारा माणूस पाठवा. नियम म्हणजे नियम."

काकांना सगळे मागून कायदेकाका म्हणत, ते उगीच नाही. आजोबा मुलाची वाट बघत बाकावर जाऊन बसले.

दुपारी शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी एक रजिस्टर पाकीट वर धरलं. "काका, तुमच्या नावाचं आहे."

पाकिटावरचं गोल शाळकरी अक्षर पाहून काका चपापले. दहावीच्या निरोपाला मास्तरांनी प्रत्येकाला स्वतःलाच पत्र लिहायला लावलं होतं आणि चाळीस वर्षांनी पाठवीन म्हणाले होते. मास्तर गेले, पण त्यांच्या लेकीने शब्द पाळला होता. आपण काय लिहिलं होतं ते काकांना काही केल्या आठवेना. त्यांनी हात पुढे केला.

बाईंनी पाकीट मागे घेतलं. "ओळखपत्र?"

"अगं, सतरा वर्षं शेजारी बसतेस."

"ओळखीवर टपाल देऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत."

ओळखपत्रावर दाट केस होते, झुबकेदार मिशा होत्या. बाईंनी फोटो पाहिला, मग काकांचं टक्कल पाहिलं. "यातलं काहीच इथे दिसत नाही." सही करायला लावली, तर तीस वर्षं सह्या करकरून तिची नुसती एक रेघ उरलेली.

"मग पाठवणाऱ्याला परत करा. तोही मीच आहे."

"पाठवणारा सोळा वर्षांचा आहे. पत्ता शाळेचा, आणि शाळा पाडून वीस वर्षं झाली. साक्षीदार आणा, नाहीतर पाच वाजता हे बेवारस टपालात जाईल."

बेवारस टपालातून काही परत आलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला. पावणेपाचला काकू धापा टाकत आल्या.

"हे तुमचेच यजमान ना?" बाईंनी विचारलं.

"आता काय सांगू? मी लग्न केलं तो माणूस रस्त्याने शीळ घालत जायचा. हे मला घरात चपला रांगेत लावायला सांगतात."

काकांचा चेहरा उतरला. हे मात्र त्यांना खरंच लागलं. तेवढ्यात काकूंची नजर पाकिटावर गेली. गोंद, त्यावर चिकटपट्टी, त्यावर पुन्हा चिकटपट्टी.

"हेच ते," काकू ठामपणे म्हणाल्या. "दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. द्या त्यांना."

बाईंनी काकूंची सही घेतली आणि पाकीट दिलं. आत दोनच ओळी होत्या. 'मामाचं पार्सल आलंय, पण सही वाकडी म्हणून पोस्टातल्या माणसाने मला आज चौथ्यांदा परत पाठवलं. मोठेपणी कोणीही हो, फक्त तो होऊ नकोस.'

काकांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि खिसा तीनदा चाचपला. पाचला चार मिनिटं कमी होती. आजोबा अजून बाकावरच होते.

"या आजोबा. करा सही, होईल तशी."

आजोबांनी वाकून खिडकीच्या आत नीट पाहिलं. "ते सकाळचे साहेब कुठे गेले?"

काकांनी शिक्का उचलला. "त्यांची बदली झाली."

"बरं झालं," म्हणत आजोबांनी पेन उघडलं.