चाळीस कोसांचा शिक्का

बाळांनो, झाडांपेक्षा शिक्केच जास्त असलेल्या एका जंगलात गोदूताई साळिंदर राहायची. ती जंगलाची सुईण. निम्मं जंगल तिच्याच हातांवर जन्मलेलं.

उतारवयात गुडघे कुरकुरू लागले, म्हणून तिने विजेवर चालणारी गाडी घेतली. काचेवर मोजमाप खात्याचा हिरवागार शिक्का होता : 'एका चार्जिंगमध्ये चाळीस कोस. प्रमाणित.'

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी डोंगरमाथ्यावरून निरोप आला. पारू भेकरीण अडली होती. पहिलंच बाळंतपण.

माथा वीस कोसांवर. "जाऊन-येऊन पुरेल की," गोदूताई म्हणाली. तिने औषधांची पेटी गाडीत टाकली, हीटर लावला आणि निघाली.

घाट सुरू झाला. पडद्यावरचे कोस भराभर उतरू लागले. गोदूताईने हीटर बंद केला. मग गाणी बंद केली. मग स्वतःचा श्वाससुद्धा बेताने घेऊ लागली. तरी अठराव्या कोसाला गाडीने मान टाकलीच.

उरलेले दोन कोस ती पेटी छातीशी धरून धावली. पोचली तेव्हा पारूचे डोळे फिरायला लागले होते. पाडस पायाळू होतं. गोदूताईचे हात थंडीने बधिर झाले होते. ते तिने काखेत शेकले आणि कामाला लागली. दोघंही वाचली. पण अगदी थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी ती मोजमाप खात्यात हजर.

"साहेब, हे चाळीस कोस मोजलेत कुठे?"

"गुहेत," कासवसाहेब म्हणाले. "सपाट फरशी. वारा नाही, थंडी नाही, हीटर बंद."

"आणि गाडीत कोण होतं?"

"खारूताई. उपाशीपोटी."

"अहो, पण गुहेत राहतं कोण?"

"तो आमच्या खात्याचा विषय नाही, बाई."

गोदूताईने काटे फुलवले. साहेबांनी मान आत घेतली आणि आतूनच म्हणाले, "पाहणी करू."

गाडी घाटातून ओढून आणून पुन्हा पूर्ण चार्ज केली. दोघं घाटाला लागले. साहेबांची पाठ बरीच जड. गाडी सतराव्या कोसालाच थांबली.

गोदूताई मनातून खूश झाली. आता तरी डोळे उघडतील!

साहेब खाली उतरले. त्यांनी फूटपट्टी काढून चढ मोजला. वाऱ्याचा वास घेतला. बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"मग? काय निघालं?"

"गाडी निर्दोष आहे," साहेब म्हणाले. "डोंगर अप्रमाणित आहे."

लगेच डोंगराला नोटीस लागली : पंधरा दिवसांत सपाट व्हावे. डोंगराने उत्तर दिलं नाही. सोळाव्या दिवशी त्याला नकाशातून काढून टाकलं. गाडीला त्या वर्षीचं उत्तम वाहनाचं पदक मिळालं.

नकाशात नसलेल्या त्या माथ्यावर अजून बाळं जन्मतात. गोदूताई आदल्या दिवशीच निघते. पायी.

तात्पर्य : बाळांनो, शिक्का कधीच खोटा नसतो. म्हणून जन्माला येण्याआधी जागा सपाट आहे ना, एवढं बघून घ्यावं.