लटारूभाऊंच्या अंगणातलं दूध

लटारूभाऊ स्वतः दुधाचा थेंब घेत नसत, पण गावातल्या प्रत्येक दुधाचा न्यायनिवाडा करत. कुणाकडे लहान मूल आहे असं कळलं की हे गृहस्थ सरळ आत. "हाये काय कोनी घरी?" असं विचारेपर्यंत हात पातेल्याच्या झाकणावर गेलेला असायचा. नाक खाली, भुवया वर, आणि ठरलेला प्रश्न, "बाई, याची माय कोन?"

माय म्हणजे ते दूध देणारं जनावर. ते दाखवता आलं नाही की दूध नापास.

यजमानांची एटापल्लीच्या शाळेवर बदली झाली, तेव्हा स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. माझी कुसुम दीड वर्षाची. अंगावरचं सुटलेलं आणि वरचं पचत नव्हतं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मला रात्रंदिवस तोच घोर.

आणि अशात हा शेजार! म्हशीचं दूध बघून म्हणाले, "पाजा. पोरगी चिखलात बसून राहील, हाक देल्ली तं मान बी नाई वळवनार." त्या दुधानं जुलाब झाले. शेळीचं आणलं तर, "आता छपरावर चढंन. उतरवाले मले नोका बोलावू." शेळी आठ दिवसांत आटली. मग यजमानांनी चांद्याहून भुकटीचा डबा मागवला. आलापल्लीपर्यंत मोटारीनं, पुढे बैलगाडीनं आलेला तो डबा भाऊंनी हलवला आणि कानाशी धरला.

"आवाज तं येते. पन माय कोन?"

"डब्यावर गाईचं चित्र आहे ना!" मी चिडून म्हटलं.

"चित्राले पान्हा फुटते काय, बाई?"

भुकटीचं दूधही कुसुमनं ओकून टाकलं.

खरी संतापाची गोष्ट पुढेच आहे. याच माणसाच्या अंगणात दुभती गाय होती! आणि तिचं सगळं दूध वासरू पीत होतं. आसपासच्या माडिया आदिवासींच्या गावांत गाय पिळत नाहीत, दूध वासराचं म्हणतात. त्यांची रीत आहे, माझं काही म्हणणं नाही. पण हे भाऊ वडशाकडच्या धानवाल्या घरातले, माझ्याच मुलखाचे! जंगलखात्याचे नाकेदार म्हणून रानात जन्म काढला आणि ही रीत उचलली. पोरं दुसऱ्यांची, पातेली दुसऱ्यांची, अक्कल मात्र यांची.

भुकटी ओकली त्या दिवशी कुसुमला घेऊन मी तडक त्यांच्या अंगणात शिरले. "भाऊ, तुमच्या वासराला पोट आहे आणि माझ्या पोरीला नाही काय?"

"दूध माहं नाई, बाई. त्याचं हाये. त्याले इचारा."

वासराला विचारा! तोंडाला येईल ते बोलले मी. सारी आळी कुंपणाशी गोळा झाली. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले, आणि मी पाय आपटत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूभाऊ लंगडत दारात. गुडघा सुजलेला, हातात लोटा. जन्मात कधी धार काढली नव्हती, गाईनं लाथ हाणली होती.

"वासरू पोटभर पेलं," ते म्हणाले. "गवताले बी तोंड लावून राह्यलं आता. उरलं ते आनलं."

लोट्यात दोन बोटं दूध होतं. मी तापवून वाटीत दिलं. कुसुम प्यायली. भाऊ उंबऱ्याशी बसून राहिले आणि दुपार झाली तरी हलेनात. दूध पोटात टिकलं. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "भाऊ, काल फार बोलले मी. राग धरू नका."

"राग काऊन?" ते गुडघा चोळत म्हणाले. "बारा मयने मीच लोकायच्या घरी जातो, बाई. दुधाचं तं निमित्त. माह्या आंगनात कोनी पाय नाई टाकत. काल तुमी आल्या. भांडाले आल्या, पन आल्या तं."

मी रिकामा लोटा घासून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना लोटा आणू दिला नाही. कुसुमला कडेवर घेऊन मीच त्यांच्या अंगणात जाऊ लागले, आणि जाताना भांडायला काहीतरी शोधून नेत असे.