भिंतीवरचं माहेर

लोरीनने जुन्या बाजारातून तो फोटो आणला तो केवळ दिवाणखान्यातली ओल झाकायला. तपकिरी पडलेला फोटो, त्यात सहा पांढऱ्या खांबांचं टोलेजंग घर. ओल झाकली गेली. पंचाईत पुढे झाली.

नॅचेझ गावच्या गार्डन क्लबात शिरायचं तर बागेबद्दल कुणी विचारत नाही; तुम्ही कुणाकडच्या, एवढंच विचारतात. लोरीन पत्र्याच्या ट्रेलरमध्ये वाढलेली. क्लबच्या बायका तिला पारखायला चहाला आल्या, तेव्हा अध्यक्षीणबाई वर्नाने भिंतीकडे बोट दाखवलं.

"कुणाचं गं हे घर?"

"पणजोबांचं," लोरीनच्या तोंडून निघून गेलं. आत तिचा नवरा ड्वेन खोकला.

"अगंबाई! आता कुठाय?"

"जळालं. यादवी युद्धात." दक्षिणी राज्यांत ज्याचं घर नसतं, त्याचं युद्धातच जळालेलं असतं. फोटोतल्या घरापुढे मोटार उभी आहे, आणि त्या युद्धाच्या काळी मोटारी नव्हत्याच, हे लोरीनला आत्ता दिसलं. बायकांनाही दिसलं असावं; सगळ्या एकदम केक खाण्यात गढून गेल्या.

नव्वदीच्या मिस ऑगस्टा तेवढ्या काठी टेकत उठल्या आणि फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या.

"पोरी, हे माझं घर. आज सकाळी न्याहारी तिथेच केली मी. खांब तेवढे वादळात गेले."

भुईने पोटात घ्यावं असं लोरीनला झालं. भुई ढिम्म हलली नाही.

"म्हणजे तू आमच्या रक्ताची!" मिस ऑगस्टांनी तिचा गाल कुरवाळला. "मग शनिवारी ये हं, राणी. घराण्याची थडगी घासायची असतात. परक्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत आहे आमच्यात."

सभासदत्व जागच्या जागी मिळालं.

शनिवारी भर उन्हात लोरीन कुणा कर्नलच्या थडग्यावरचं शेवाळ खरवडत होती. ड्वेन गवत उपटता उपटता विचारी, "पणजोबा बरे आहेत ना गं?" मिस ऑगस्टा झाडाखाली खुर्ची टाकून वारा घेत होत्या.

पलीकडच्या थडग्यामागून घामाघूम वर्ना वर आली. लोरीनची मान खालीच.

"वर्नाबाई, मला तोंड दाखवायला जागा नाही हो. तो फोटो..."

"हळू बोल!" वर्नाने झाडाकडे चोरून पाहिलं. "आणि घास मुकाट्याने. तू पुढच्या दाराचा फोटो विकत घेतलास. मी त्याच बाजारातून मागच्या व्हरांड्याचा घेतला होता."

लोरीनने मान वर करून पाहिलं. सगळा गार्डन क्लब गुडघ्यांवर होता.