जोतीरावांनी समुद्राला खत घातलं

पाण्यावर काय पिकवायचं ते आपल्याला विचारावं, असं कोऱ्हाळे बुद्रुकचे जोतीराव स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सांगायची पाळी येत नसे. माणूस एकरी साठ टन ऊस काढणारा! कालव्याचं पाणी, सल्फेटचं खत आणि वेळेवर खुरपणी या तीन गोष्टी मिळाल्या की जगातलं काहीही वाढतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. साल छप्पन संपत आलं तरी ती खोटी पाडायला कुणी धजावलं नव्हतं.

ते धाडस शेवटी दोन माशांनी केलं.

मासे होते इंदापूरच्या बापूसाहेबांचे. बापूसाहेबांनी पंचवीस वर्षं कोकणात बंदरावर जकात खात्यात कारकुनी केली आणि पेन्शन घेऊन ते गावी परतले. पण समुद्राची सवय सुटेना. मग त्यांनी समुद्राचा एक तुकडाच बरोबर आणला. लोखंडी चौकटीची दोन हात लांब काचेची टाकी, तीत खारं पाणी, काळ्या पट्ट्यांचे दोन पिवळेधमक मासे, सात-आठ गोगलगायी आणि पोवळ्याचा एक जिवंत खडक. खडकावर फुलांसारखी बारीक तोंडं उमलायची आणि मिटायची. इंदापूरची माणसं ते बघायला येत, आणि पाणी खरंच खारट आहे का म्हणून एखादा बोट बुडवून चाटूनही बघे.

आता जोतीरावांचा या तुकड्याशी काय संबंध? तर त्यांची मुलगी विजयमाला. बापूसाहेबांचा मुलगा मोहनराव पुण्याला ओव्हरसियर होता. तो मुलगी बघून गेला होता, पसंतही करून गेला होता. विजयमाला तेव्हापासून विनाकारण हसत होती. अडलं होतं फक्त बापूसाहेबांच्या होकारावर. ते कशालाच घाईनं हो म्हणत नसत. त्यातच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मुंबईला दीड महिना राहायचं, घराला कुलूप, मग माशांचं काय, अशी चिंता ते बोलून दाखवत होते, तेवढ्यात जोतीरावांनी छाती पुढे काढली. म्हणाले, द्या आमच्याकडं, परत न्याल तेव्हा ओळखू येणार न्हाईत.

बापूसाहेबांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "ठीक आहे. मासे नीट राहिले म्हणजे घर कसं आहे ते मला कळेल. होकार-नकार आल्यावर सांगतो."

म्हणजे सगळी सोयरीक त्या टाकीत पोहायला लागली. टाकी कडबा भरलेल्या बैलगाडीतून कोऱ्हाळ्याला आली आणि तिच्याबरोबर बापूसाहेबांच्या सुबक अक्षरातली एक चिठ्ठी आली. टाकी सावलीत ठेवावी. खाणं रोज चिमूटभरच. पाणी आटेल तेवढं गोडं पाणी घालावं. सकाळ-संध्याकाळ पाणी मगाने उचलून वरून सोडावं. तांब्या-पितळेचं भांडं लावू नये. गोगलगायींना हात लावू नये, त्या शेवाळ खातात. जोतीरावांनी चिठ्ठी वरवर पाहिली आणि विजयमालाकडे दिली. पाण्याबद्दल कागदावरून शिकायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांना टाकीत गोगलगायी दिसल्या. बागाईतदाराला गोगलगाय दिसली की पुढचं काम डोक्याला विचारावं लागत नाही. त्यांनी बाही वर केली, एकेक वेचून परसात भिरकावली आणि बापूसाहेबांनी पिकात कीड कशी राहू दिली याचं आश्चर्य केलं. विजयमालानं चिठ्ठी पुढे करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण ते हात पुसायला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी टाकी अंगणात उन्हात आली. सावलीत काय वाढतं, असा त्यांचा सवाल होता. चौथ्या दिवशी त्यांनी खडकाचं बारकाईनं निरीक्षण केलं. चार दिवसांत एक फुटवासुद्धा नाही! मुळाला खायलाच नसेल तर झाड वाढेल कसं? त्यांनी सावळारामला हाक मारली. सावळाराम हा त्यांचा जुना गडी. मालकानं सांगितलेलं ऐकायचं आणि मग विचार करायचा, असा त्याचा क्रम होता. त्यानं ओंजळभर सल्फेट आणलं आणि जोतीरावांनी ते खडकाच्या बुंध्याशी नीट गोल आळं करून टाकलं. माशांना वेगळं काही हवं म्हणून भुईमुगाची मूठभर पेंड घातली, आणि ती पेंड मग रोजची झाली.

आठवड्यात काच हिरवी दिसू लागली. दहाव्या दिवशी खडकाला केस आले. पंधराव्या दिवशी टाकीत वीतभर शेवाळ उभं होतं आणि दुपारी ऊन पडलं की अंगणात हिरवा उजेड पसरायचा. जोतीराव पहिले दोन दिवस खूष होते. लोकांना बोलावून दाखवत होते. मग विजयमालानं विचारलं, की तात्या, पण मासे कुठं हायेत? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपलं पीक राहिलं आत आणि हे जे तरारलंय ते तण आहे.

तण म्हटल्यावर पुन्हा डोक्याला विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाईची टोळी खुरपी घेऊन अंगणात हजर झाली. रंगूबाई ही टोळीची मुकादम, आणि रीतीप्रमाणे प्रत्येक बाईला तिची पात, म्हणजे तिनं खुरपायची पट्टी, नेमून दिल्याशिवाय खुरपणी सुरू होत नाही. तिनं दोन हात लांबीच्या टाकीच्या काठावर चार पाती मोजून आखल्या. प्रत्येक बाईच्या वाट्याला वीतभर समुद्र आला. छबूबाईनं शेजारणीवर पात चोरल्याचा आरोप केला, त्यावर भांडण झालं, भांडणात एक खुरपं खडकावर बसलं, आणि इतक्यात छबूबाईच्या बोटाला कशानं तरी हळूच चिमटा घेतला. ती खुरपं टाकून ओसरीवर जाऊन बसली. पाण्यात जनावर आहे, मी हात घालणार न्हाय, असं तिनं जाहीर केलं. जोतीरावांना मात्र बरं वाटलं. मासा जिवंत होता.

दोन पाट्या शेवाळ निघालं. पण खुरपणी झाली की वरखताचा डोस द्यायचा, ही उसाची पद्धत. जोतीरावांनी तो दिला. आठ दिवसांत शेवाळ दुप्पट जोमानं आलं. आता टाकीत पाणी आहे हे सांगावं लागत होतं.

अशीच आणखी पंधरा दिवस झुंज चालली आणि एका बुधवारी बापूसाहेबांचं पत्र आलं. ऑपरेशन चांगलं झालं, नवा चष्मा मिळाला, रविवारी सकाळी परस्पर तुमच्याकडेच येतो. प्रयागबाई, म्हणजे जोतीरावांच्या सौभाग्यवती, कधी जास्त बोलत नसत. त्यांनी पत्र ऐकलं, टाकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. गोठ्याजवळ विजयमाला गुणगुणत शेण भरत होती. पोरीचं हे हसणं आपल्यापायी बंद होणार, या विचारानं जोतीराव टाकीभोवती घिरट्या घालू लागले.

शेवटचा उपाय उरला होता. मोरचूद! भाजीवरच्या रोगाला जे चालतं ते शेवाळाला का चालू नये? त्यांनी कुणाला न सांगता मोरचुदाचे चांगले चार खडे टाकीत सोडले, वर गोणपाट झाकलं आणि कुणी ते उचलायचं न्हाय, अशी घरात ताकीद दिली.

शनिवारी भल्या सकाळी त्यांनी गोणपाट उचललं. शेवाळ मरून तळाला बसलं होतं. पाणी निळसर, नितळ, आरपार. जोतीरावांना आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि तोंड उघडलेलंच राहिलं. टाकीत मासे नव्हते. खडकही नव्हता. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं स्वच्छ पाणी होतं.

त्यांनी बाही वर करून तळ चाचपला. मोरचूद जालीम असतं हे त्यांना माहीत होतं, पण दगड विरघळण्याइतकं जालीम असेल असं वाटलं नव्हतं.

घरात सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. गोणपाट पुन्हा झाकून, सावळारामला आणि एका घागरीला बरोबर घेऊन ते सकाळच्या मोटारीनं बारामतीला आणि तिथून भिगवणला गेले. तिथल्या भोयाकडून त्यांनी भीमेतले दोन जिवंत मासे घेतले. मासे चांदीसारखे पांढरे होते. पण घरी बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पिवळा आणि काळा रंग होता. रविवारी सकाळी दोघे गोठ्यात बसले. सावळारामनं ओल्या फडक्यात मासा धरला आणि जोतीरावांनी त्याला बारीक काडीनं पट्टे ओढले. पहिल्याला चार आले, दुसरा वळवळल्यामुळे त्याला पाच. खडकाची अडचण होती. तीही शेतातल्या फ्लॉवरनं सोडवली. चांगला घट्ट गड्डा बघून त्यांनी तो दगडाला सुतळीनं बांधला आणि तळाशी ठेवला. लांबून पाहिलं तर काही वाईट दिसत नव्हतं. नुकताच मोतीबिंदू काढलेल्या माणसाला तर पुष्कळच होतं, असं त्यांनी मनाला समजावलं.

बापूसाहेब उतरले ते चहासुद्धा न घेता टाकीकडे गेले. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे बशीएवढे दिसत होते. जोतीरावांनी गोणपाट उचललं. दारात प्रयागबाई आणि विजयमाला उभ्या होत्या. टाकी पाहून दोघींनी एकमेकींकडे अशा नजरेनं बघितलं, की जोतीरावांना वाटलं, आपली युक्ती साधली.

बापूसाहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. पाण्यात माशांमागून पिवळ्या रंगाचा धूर निघत होता.

"जोतीराव," ते शांतपणे म्हणाले, "हा फ्लॉवर आहे."

"व्हय," जोतीराव म्हणाले. "औंदा चांगला आलाय."

"आणि मासे नदीतले आहेत. खाऱ्या पाण्यात मरतील बिचारे. आधी त्यांना बाहेर काढा."

सावळारामनं मासे घागरीत घेतले आणि तो विहिरीकडे पळाला. जोतीराव तिथंच उभे राहिले. साठ टनांची छाती एकदम आत गेली होती. गोगलगायी, ऊन, सल्फेट, पेंड, खुरपणी, मोरचूद, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बापूसाहेब प्रत्येक शब्दाला डोळे मिटत होते, आणि मोरचुदाला त्यांनी चष्माच काढला.

"तुमचं मासं मी मारलं," जोतीराव म्हणाले. "पर पोरीचा त्यात काय बी दोस न्हाय. ती पयल्या दिवसापास्नं चिठ्ठी घिऊन माझ्या मागं हिंडत हुती, म्याच ऐकलं न्हाय. न्हाय म्हणायचं आसंल तर मला म्हना. तिला नगा म्हनू."

विजयमाला आत गेली आणि लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी छातीशी धरून बाहेर आली. तिनं ती जपून बापूसाहेबांपुढे ठेवली आणि झाकण काढलं.

बरणीत दोन पिवळेधमक मासे फिरत होते. खडकावर एका बाजूला खुरप्याची खूण होती, पण तोंडं उमललेली होती. आणि काठाशी गोगलगायी निवांत चरत होत्या.

"परसातनं गोगलगायी त्याच दिशी येचून आनल्या हुत्या," ती खाली बघत म्हणाली. "मासं आन खडूक खुरपणीच्या दुपारी काढलं. तात्यांस्नी सांगितलं आसतं तर त्यांनी बरनीत बी सलपेट घातलं आसतं. बाकी म्या काय बी केलं न्हाय. चिठ्ठीत लिवलं हुतं तेवढंच."

जोतीरावांना मग उमगलं, की चार आठवडे घरात लोणचं का संपलेलं होतं. आणि त्याहून वाईट गोष्ट लगेच पाठोपाठ उमगली. हे चार आठवडे ते रोज पहाटे टाकीपाशी उभे राहून, कसं काय, बरं हाय ना, असं ज्याला विचारत होते, ते नुसतं शेवाळ होतं.

बापूसाहेबांनी बरणीत पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा चष्मा लावून मुलीकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, सुपारी आणा. प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि विजयमाला जी आत पळाली ती संध्याकाळपर्यंत कुणाला दिसली नाही.

सुपारी फुटली. त्यानंतर यादी. लग्नाआधी कुणी काय करायचं ते कागदावर उतरवायचं, एकेका कलमावर तास तास घासाघीस करायची आणि मग दोन्ही व्याह्यांनी सह्या ठोकायच्या, ही आपली रीतच आहे. जोतीराव पागोटं सारखं करून घासाघिशीला तयार बसले. पण बापूसाहेबांनी मुलीशिवाय काही नको म्हणून एकच कलम लिहिलं आणि वाचून दाखवलं. मुलीच्या वडिलांनी इंदापूरला हवं तेव्हा यावं, हवं तितके दिवस राहावं, मात्र टाकीपासून चार हात लांब उभं राहावं.

जोतीरावांना ते फारच लागलं. एवढा साठ टनवाला माणूस! ते व्याह्याला म्हणाले, "चार लई हुत्यात. दोन करा."

बापूसाहेबांनी चार खोडून सहा केले.

जोतीरावांनी मुकाट्यानं लेखणी हातात घेतली. सही करणार एवढ्यात आतून प्रयागबाईंचा आवाज आला, "आठ लिवा."